वाचकांचे प्रश्न : परत परत येणारी कामं, झाल्या तारखेखाली

साध्या मजकुराच्या फाइलमध्ये कामांची यादी ठेवणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी एकाच अडचणीभोवती फिरतात. दर महिन्याला येणारं काम पूर्ण केलं, तर त्याची नोंद त्या-त्या तारखेखाली कशी जमा करायची? बहुतेक प्रश्न ईमॅक्स या मजकूर-संपादकातल्या ऑर्ग-मोड या कामांच्या याद्या सांभाळणाऱ्या सोयीबद्दल आहेत, म्हणून उत्तरंही त्याच अंगाने आहेत. कळा आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांत आणि मधल्या आडव्या रेघांसह टाइप करायची. ‘कं-सी’ म्हणजे कंट्रोल दाबून सी. नुसतं ‘सी’ लिहिलं असेल तिथे कंट्रोल नको.

प्र. : कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करते. ‘टीडीएस भरणे’ हे काम ७ तारखेची डेडलाइन आणि मासिक पुनरावृत्ती देऊन ठेवलं आहे. ‘डन’ (झालं) केलं की ते लगेच पुन्हा ‘टुडू’ (करायचं) होऊन पुढच्या महिन्यात जातं. आर्काइव्ह करायला (झालेली नोंद वेगळ्या फाइलमध्ये हलवायला) गेले, तर कामच यादीतून नाहीसं झालं. प्रत्येक महिन्याचं भरलेलं काम त्याच्या तारखेखाली वेगळं साठवता येईल का? — वाचक, पुणे

उ. : येईल, पण आधी एक पायरी घालावी लागेल. तुम्ही आधी ‘डन’ करता आणि मग आर्काइव्ह. पुनरावृत्तीच्या कामात ‘डन’ ही अवस्था टिकतच नाही. तारखेपुढे +१एम (दर एक महिन्याने) अशी खूण दिसली की ऑर्ग तारीख एक महिना पुढे ढकलतं, अवस्था ‘टुडू’वर आणतं आणि काम कधी झालं याची एक ओळ त्याच नोंदीत टाकतं. पूर्ण झाल्याची ‘क्लोज्ड’ ही ओळ मागे उरत नाही. अशी नोंद आर्काइव्ह केली, की तुम्ही झालेला महिना नव्हे, तर पुढे येणारे सगळे महिने उचलून कपाटात टाकता.

म्हणून या महिन्याचा हप्ता आधी मूळ कामापासून सोडवून घ्यायचा. त्यासाठी प्रत काढण्याची आज्ञा आहे : कं-सी, कं-एक्स, सी. किती प्रती हव्यात असं विचारल्यावर ० द्या. शून्य प्रती मागणं चमत्कारिक वाटतं, पण पुनरावृत्तीची खूण असलेल्या नोंदीत ही आज्ञा मागितल्यापेक्षा एक प्रत जास्त काढते आणि मूळ नोंद सगळ्या प्रतींच्या खाली नेऊन ठेवते. पुढचा प्रश्न तारीख कितीने सरकवायची असा येतो, त्याला +१एम लिहा. समजा, आधी हे होतं :

* टुडू टीडीएस भरणे
  डेडलाइन: <२०२५-०७-०७ सोम +१एम>

त्याचं असं होईल :

* टुडू टीडीएस भरणे
  डेडलाइन: <२०२५-०७-०७ सोम>
* टुडू टीडीएस भरणे
  डेडलाइन: <२०२५-०८-०७ गुरु +१एम>

वरच्या नोंदीला आता खूण नाही. ती साधी, एकदाच करायची नोंद झाली. चलन भरलं की तिच्यावर कं-सी, कं-टी दाबून ‘डन’ करा, चलनाचा क्रमांक खाली लिहा आणि कं-सी, कं-एक्स, कं-एस ने आर्काइव्ह करा. खालची नोंद ऑगस्टची वाट बघत यादीतच राहील.

आर्काइव्ह तारखेनुसार लागावं म्हणून ऑर्ग-आर्काइव्ह-लोकेशन या सेटिंगमध्ये आधी फाइलचा पत्ता, मग दोन कोलन, मग डेटट्री (तारखांचं झाड) हा शब्द आणि शेवटी तिरकी रेघ हवी. ती रेघ विसरू नका, ती नसेल तर तारखांचं झाड उभंच राहत नाही. झाडात वर्षाखाली महिना आणि महिन्याखाली दिवस अशी मांडणी आपोआप होते. शुक्रवारी ४ जुलैला भरलेलं चलन असं बसेल :

* २०२५
** २०२५-०७ जुलै
*** २०२५-०७-०४ शुक्रवार
**** डन टीडीएस भरणे
     क्लोज्ड: [२०२५-०७-०४ शुक्र १२:४०] डेडलाइन: <२०२५-०७-०७ सोम>

खाली मूळ फाइलचं नाव, मूळ शीर्षकाची वाट आणि आर्काइव्ह केल्याची वेळ अशा ओळीही ऑर्ग स्वतः जोडतं. त्या काढू नका. नोंद परत आणायची वेळ आली तर ती कुठून आली होती हे त्यांच्यावरूनच कळतं.

तुमच्या कामात एक खाचही आहे. बिगरसरकारी कापणाऱ्यांना मार्च महिन्यात कापलेल्या टीडीएससाठी ७ नव्हे, ३० एप्रिलची मुदत असते. मासिक खुणेला हे कळत नाही, ती एप्रिलमध्येही ७ तारीखच दाखवणार. वर्षाच्या सुरुवातीला एकदाच प्रती काढून ठेवल्या, तर हे आधीच दुरुस्त करता येतं. ७ मेच्या नोंदीवर आज्ञा देऊन प्रतींची संख्या ११ लिहा. खुणेविना १२ नोंदी मिळतील, मे ते पुढचा एप्रिल, आणि खूण असलेली मूळ नोंद त्यानंतरच्या मेवर जाऊन बसेल. मग फक्त शेवटच्या एप्रिलची तारीख हाताने ३० करा. ऑफिसच्या कामाला ही पद्धत बरी. घरच्या कामाला १२ ओळींची रांग नुसती डोळ्यांत खुपते, तिथे शून्यवाली युक्ती वापरावी.

प्र. : तारखांचं झाड तयार होतं, पण वर्षभराची सगळी कामं ३१ मार्च या एकाच दिवसाखाली जमा झाली. त्या दिवशी मी आवराआवर केली होती. — गृहनिर्माण संस्थेचे सचिव, ठाणे

उ. : ऑर्ग नोंदीत ‘क्लोज्ड’ ओळ शोधतं. सापडली तर त्या तारखेखाली ठेवतं, नाहीतर आजच्या तारखेखाली. तुमच्या नोंदींत ती ओळ नाही, कारण मूळ सेटिंगमध्ये पूर्ण झाल्याची वेळ लिहिणं बंदच असतं. फाइलच्या डोक्यावर #+ या चिन्हांनंतर स्टार्टअप, कोलन आणि लॉगडन अशी ओळ टाका, त्या ओळीवर कर्सर ठेवून कं-सी, कं-सी दाबा. तसं केलं नाही तर फाइल बंद करून पुन्हा उघडेपर्यंत ओळ लागू होत नाही, आणि सेटिंग चालत नाही अशी निम्मी तक्रार तिथूनच येते. सगळ्या फाइलींना लावायचं असेल, तर ऑर्ग-लॉग-डन या सेटिंगची किंमत टाइम करा.

जुन्या नोंदींच्या तारखा आता आपोआप सुधारणार नाहीत. पावत्यांवरून तारखा मिळत असतील, तर त्या नोंदी झाडातून कापून परत कामाच्या फाइलमध्ये आणा, प्रत्येकीत ‘क्लोज्ड’ ओळ भरा आणि पुन्हा आर्काइव्ह करा. टाकी धुतली, लिफ्टची तपासणी झाली, अग्निशमनाचे सिलिंडर भरले, एवढ्या तीन-चार कामांपुरतं हे करावं. कुंड्यांना खत कधी घातलं यासाठी इतका जीव काढण्याची गरज नाही.

काम ६ तारखेला झालं आणि ‘डन’ ९ तारखेला केलं, असंही होतं. ‘डन’ केल्यावर ‘क्लोज्ड’ तारखेवर कर्सर नेऊन शिफ्टसह डावा बाण तीनदा दाबला की तारीख तीन दिवस मागे येते. हे आर्काइव्ह करण्याआधी करा. नंतर केलंत तर ओळीत ६ तारीख दिसेल आणि नोंद ९ च्या फांदीवर लटकलेली राहील.

प्र. : टाकी धुण्याची खूण .+३एम अशी आहे. शून्य प्रतींच्या पद्धतीने पुढची तारीख चुकीची आली. — तेच वाचक

उ. : चूक आज्ञेची नाही, खुणेचा अर्थ वेगळा आहे. तीन प्रकारच्या खुणा असतात. +३एम ठरलेल्या तारखेत तीन महिने मिळवते, काम कधी का होईना. ++३एम तेच करते, पण तारीख आजच्या पुढे जाईपर्यंत मिळवत राहते. .+३एम मात्र ज्या दिवशी काम झालं त्या दिवसापासून मोजते. टाकीला हीच खूण योग्य, कारण टँकरवाल्याच्या सोयीने धुणं २० दिवस लांबलं तर पुढचं धुणंही लांबायला हवं.

प्रती काढणारी आज्ञा हा फरक पाळत नाही. तुम्ही सांगाल तेवढं ती जुन्या ठरलेल्या तारखेपासून सरकवते. १ जूनला ठरलेली टाकी २१ जूनला धुतली, तर खालची नोंद १ सप्टेंबरवर जाते, हवी असते २१ सप्टेंबर. तेव्हा टिंब असलेल्या खुणेच्या कामात आणखी एक पायरी धरा : खालच्या नोंदीवर कं-सी, कं-एस दाबून नवी तारीख द्या, आणि नंतर खूण जागेवर आहे ना हे पाहा.

या कामाखाली चौकोनांची यादी असेल (झडप बंद, गाळ काढला, क्लोरीन टाकलं), तर आधी प्रत काढा आणि मग चौकोन भरा. भरलेल्या चौकोनांसह प्रत काढली, तर पुढच्या तिमाहीची टाकी आजच धुतलेली दिसेल. नोंदीखालचा जुना मजकूरही असाच दोन्हीकडे जातो, त्यामुळे पुढच्या नोंदीत मागच्या वेळचं काही शिल्लक ठेवू नका.

प्र. : आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. डेटट्री जानेवारीपासून वर्ष मोजतं. दोन्ही जुळवायचे कसे? — लेखापाल, नाशिक

उ. : झाडाचं वर्ष बदलण्याच्या भानगडीत पडू नका. आर्थिक वर्षाला एक स्वतंत्र आर्काइव्ह फाइल करा. तिच्यात दोन कॅलेंडर वर्षांच्या दोन फांद्या असतील, एकीत नऊ महिने आणि दुसरीत तीन. हिशोबाला तेवढं पुरतं.

फाइल बदलण्यासाठी जागतिक सेटिंगला हात लावायची गरज नाही. कामाच्या फाइलमध्येच #+ नंतर आर्काइव्ह, कोलन आणि पुढे पत्ता अशी ओळ ठेवा. १ एप्रिलला त्या ओळीतलं वर्ष बदलायचं. फाइलमधली ही ओळ जागतिक सेटिंगपेक्षा वरचढ असते, आणि एखाद्या नोंदीच्या गुणधर्मांत (प्रॉपर्टीजमध्ये) दिलेला आर्काइव्हचा पत्ता या ओळीपेक्षाही वरचढ. मार्चचा टीडीएस भरला जातो एप्रिलमध्ये, पण कागद लागतात संपलेल्या वर्षाच्या गठ्ठ्यात. अशा दोन-चार नोंदींना गुणधर्मातून जुन्या फाइलचा पत्ता द्या. त्या जुन्या फाइलमध्ये एप्रिलची फांदी उगवेल आणि नोंद तिथेच योग्य जागी जाईल.

महिनाअखेरीच्या आवराआवरीसाठी : मुख्य शीर्षकावर उभं राहून कं-यू दाबा आणि मग आर्काइव्हची आज्ञा द्या. ज्या पोटनोंदींत कुठलंच काम उघडं नाही, त्या एकेक दाखवून हलवू का असं विचारलं जातं. मात्र नुसत्या टिपणांचं शीर्षक, ज्याला अवस्थाच नाही, तेही ‘उघडं काम नाही’ या चाळणीतून पार होतं. होय-होय म्हणत सुटलात तर फोन नंबरांची यादी आर्काइव्हमध्ये सापडेल.

प्र. : रोजच्या गोळ्या आणि चालणं यांचीही अशीच प्रत काढून ठेवावी का? — वाचक, कोल्हापूर

उ. : नाही. वर्षाला ३६५ नोंदी होतील आणि त्यातली एकही उघडून वाचावी लागणार नाही. रोजच्या कामाची खूण तशीच चालू द्या. ऑर्ग-लॉग-इनटू-ड्रॉवर हे सेटिंग चालू केलं की प्रत्येक ‘डन’ची ओळ लॉगबुक नावाच्या मिटलेल्या कप्प्यात पडते आणि नोंद लांबलचक दिसत नाही. सवयींचा आलेख वापरत असाल, तर तो याच ओळींवरून काढला जातो. प्रती काढून ओळी विखुरल्यात, तर आलेख रिकामा पडेल.

कोणत्या दिवशी काय झालं हे एकत्र पाहायचं असेल, तर अजेंड्यात (ऑर्गच्या दिवसवार यादीत) कं-यू आणि मग एल दाबा. लॉगबुकमधल्या ओळीही त्या-त्या दिवसाखाली दिसू लागतात. नुसतं एल दाबलं तर मूळ सेटिंगप्रमाणे फक्त ‘क्लोज्ड’ नोंदी आणि घड्याळाच्या (कामाला लागलेल्या वेळेच्या) नोंदी येतात.

आर्काइव्हची प्रत कधी काढायची याला आमचा ठोकताळा असा : त्या एका वेळेच्या कामाशी स्वतःचा कागद, रक्कम किंवा क्रमांक जोडलेला आहे का? असेल तर वेगळी नोंद काढा. नसेल तर लॉगबुकची एक ओळ पुरे. गॅस सिलिंडर सीमारेषेवर येतो.

प्र. : मी सगळं मराठीत लिहितो. काही तारखा अजेंड्यात दिसतच नाहीत, आणि कधीकधी कं-सी, कं-टी चालत नाही. — वाचक, पणजी

उ. : दोन्हीचं मूळ कीबोर्डात आहे. शीर्षक, टीप, टॅग देवनागरीत असायला काहीच हरकत नाही. पण तारखेच्या कंसातले आकडे इंग्रजी ० ते ९ च लागतात, कारण ऑर्ग तारीख ओळखतं ती त्याच चिन्हांवरून. या पानावर आकडे देवनागरीत छापले आहेत, फाइलमध्ये तसे ठेवू नका. काही मराठी मांडण्यांत आकड्यांच्या कळा देवनागरी आकडे उमटवतात. नजरेला तारीख बरोबर दिसते, ऑर्गच्या लेखी तो नुसता मजकूर असतो. पुनरावृत्तीच्या खुणेतला आकडा आणि अक्षर यांनाही तोच नियम. तारखा हाताने लिहिण्यापेक्षा कं-सी, कं-एस किंवा कं-सी, कं-डी ने घातल्या, तर कंस आणि वार चुकण्याचा प्रश्न उरत नाही.

आज्ञा न चालण्याचं कारण म्हणजे तुम्ही संपूर्ण संगणकाचीच मांडणी मराठी करता. मग कंट्रोलसह सी दाबलं तरी ईमॅक्सला पोचतं ते देवनागरी अक्षर, आणि त्या नावाची आज्ञा त्याच्याकडे नाही. संगणक इंग्रजीवरच राहू द्या आणि ईमॅक्सची स्वतःची देवनागरी-इनस्क्रिप्ट ही टंकनपद्धत निवडा. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की ती चालू-बंद होते. ती फक्त उमटणाऱ्या मजकुराला लागू होते, आज्ञांच्या कळा इंग्रजीच राहतात.

जुन्या फाइलमध्ये किती तारखा बिघडल्या आहेत ते शोधायला ‘<२०’ हे देवनागरी आकड्यांसह शोधा, मग चौकटी कंस लावून पुन्हा एकदा. दर्शनी सारख्याच दिसणाऱ्या तारखांत यापेक्षा जलद काही सापडणार नाही.

प्र. : एकच फाइल मी न्यू जर्सीत आणि भाऊ पुण्यात वापरतो. आईच्या औषधांची ऑर्डर कधी एका दिवसाखाली दिसते, कधी दुसऱ्या. — वाचक, न्यू जर्सी

उ. : ऑर्गच्या तारखेत वेळक्षेत्र लिहिलेलं नसतं. ज्याच्या संगणकावर ‘डन’ झालं, त्याच्या घड्याळातली तारीख पडते. तुमच्या रात्री ९ ला पुण्यात दुसऱ्या दिवसाची सकाळ झालेली असते. दोघांनी ठरवून एकच तारीख धरा, शक्यतो औषधं जिथे पोचतात तिथली. दुसऱ्याने आर्काइव्ह करण्यापूर्वी ‘क्लोज्ड’ तारीख शिफ्ट-बाणाने सरकवावी.

प्र. : ऑर्ग-मोड जड वाटतं. टुडू-टीएक्सटीत (साध्या मजकुरात यादी ठेवण्याच्या दुसऱ्या पद्धतीत) हेच करता येईल का? — वाचक, छत्रपती संभाजीनगर

उ. : येईल, आणि तारखेपुरतं बोलायचं तर सोपं. तिथे एक काम म्हणजे एक ओळ. पूर्ण झालेल्या ओळीच्या सुरुवातीला छोटा एक्स, मग पूर्ण केल्याची तारीख, मग काम घातल्याची तारीख. आर्काइव्हची आज्ञा अशा ओळी डन-टीएक्सटी नावाच्या फाइलमध्ये हलवते. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी आणि ओळीच्या सुरुवातीलाच असल्यामुळे ती फाइल नुसती अक्षरक्रमाने लावली तरी तारखेनुसार लागते. झाड नको, फांद्या नकोत.

अडचण पुनरावृत्तीत आहे. मूळ स्वरूपात ती नाहीच. काही ॲप ओळीच्या शेवटी आरईसी, कोलन आणि कालावधी अशी जोड ओळखतात, काम पूर्ण झालं की जुनी ओळ पूर्ण म्हणून ठेवतात आणि पुढच्या तारखेची नवी ओळ घालतात. ऑर्गमध्ये शून्य प्रत काढून जे साधावं लागतं, ते इथे आपोआप होतं. पण जोड न ओळखणाऱ्या दुसऱ्या ॲपमधून तेच काम पूर्ण केलंत, तर नवी ओळ येत नाही आणि काम गुपचूप यादीतून गळतं. फोनवर एक ॲप आणि संगणकावर दुसरं असेल, तर पुनरावृत्तीची कामं नेहमी एकाच ठिकाणाहून पूर्ण करा. आणि चलन क्रमांकासारखं जे काही लिहायचं ते त्याच ओळीत मावलं पाहिजे, खाली टीप लिहायला जागा नाही.